सक्ती नेमकी कुणावर?

जून उजाडला, प्रवेश सुरू झाले, की आम्हाला एक ठरलेला फोन येतो. फोन करणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. "सर, मुलीनं बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलंय. आता कॉलेज म्हणतंय, आर्ट्स किंवा कॉमर्सचा एक विषय घ्यावाच लागेल. हे कशासाठी?" या वर्षी मात्र फोन वडिलांचा नव्हता, त्या मुलीचाच होता. ती म्हणाली, "काका, मला केमिस्ट्री शिकायची आहे म्हणून मी केमिस्ट्रीला आले. बाकीचं माझ्या गळ्यात का मारताय?"

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला तितकंच रोखठोक उत्तर मिळायला हवं. "नवीन धोरण आहे बाळा, घ्यावं लागतं" हे काही उत्तर नव्हे. आजच्या व्याख्यानात आपण हाच प्रश्न हाताशी घेऊ. आपल्या मुख्य विषयाबाहेरचे विषय विद्यार्थ्यांवर सक्तीचे करावेत का? आणि करायचे असतील, तर आज महाराष्ट्रात ते ज्या पद्धतीनं केले आहेत, ती पद्धत बरोबर आहे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडच्या चर्चेत ते एकमेकांत इतके मिसळतात, की पहिल्याला होकार दिला म्हणजे दुसऱ्यालाही दिला असं लोक धरून चालतात.

पुढे जाण्याआधी एक कबुली दिली पाहिजे. आम्ही उभी हयात तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञान हा मुख्य विषय म्हणून घेणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमच्यासारखे विभाग टिकतात ते दुसऱ्या विषयांच्या मुलांवर. तेव्हा 'बाहेरचा विषय सक्तीचा असावा' असं तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणतो, त्यात त्याचा स्वार्थ असतो. तो लपवून युक्तिवाद करणं बरं नाही. म्हणून आमचं बोलणं जरा जास्त तपासून घ्या, अशी विनंती आहे.

आता आधी आपल्यासमोर काय आहे ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर झालं. महाराष्ट्र शासनानं एप्रिल २०२३ मध्ये एक शासन निर्णय काढून पदवीच्या अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवला. ज्यांच्या घरात सध्या कुणी कॉलेजला आहे, त्यांना त्यातली अक्षरं पाठ झाली असतील : मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी. शिधापत्रिकेवर जसे रकाने असतात तसे हे रकाने. त्यातला आपल्या कामाचा मुख्य रकाना ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. नावात 'ओपन' आहे, पण नियम असा की हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं कला किंवा वाणिज्य शाखेतून घ्यायचा, कलेच्या विद्यार्थ्यानं विज्ञान किंवा वाणिज्यातून. मूळ आराखड्यात त्याला १० ते १२ क्रेडिट ठेवलेले होते. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. हा हिशेब लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मूळ धोरणात या सगळ्याला एक घराणं जोडून दिलेलं आहे. धोरणाच्या अकराव्या प्रकरणात बाणभट्टाच्या 'कादंबरी'चा उल्लेख येतो. चौसष्ट कला जाणणं म्हणजे उत्तम शिक्षण, त्यात गायन आणि चित्रकलेबरोबर रसायन, गणित आणि सुतारकामही आलं, आणि हीच आपली बहुविद्याशाखीय परंपरा, असा त्याचा आशय. 'कादंबरी' हे नाव आपल्या मराठीला फार जवळचं, इतकं की त्या एका पुस्तकाच्या नावावरून आपण सगळ्या साहित्यप्रकारालाच कादंबरी म्हणू लागलो. पण धोरण लिहिणाऱ्यांनी यादी घेतली आणि गोष्ट सोडून दिली. ती आपण आठवू या.

उज्जयिनीच्या तारापीड राजाला उशिरा मुलगा झाला, चंद्रापीड. मुलाचं लक्ष खेळात जाऊ नये म्हणून राजानं नगराबाहेर, सिप्रा नदीच्या काठी, त्याच्यासाठी विद्यामंदिर बांधलं. भोवती तट, तटाबाहेर खंदक. त्यात मुलाला ठेवलं आणि बाहेर जाण्याची मुभा नाही. तो बाहेर पडला तो सोळाव्या वर्षी. आता यापेक्षा मोठी सक्ती कोणती? आजचं कुठलंही विद्यापीठ विद्यार्थ्याभोवती खंदक खणत नाही.

पण याच गोष्टीत आणखी काय आहे ते बघा. राजानं नुसती विषयांची यादी भिंतीवर लावली नाही. प्रत्येक विद्येचे आचार्य शोधून, प्रयत्नपूर्वक जमवून तिथे आणले. आणि राजा राणीला घेऊन रोज मुलाला भेटायला तिथे जात असे. म्हणजे मुलावर जेवढी सक्ती केली, तेवढीच बापानं स्वतःवर करून घेतली : पैशाची, माणसं जमवण्याची आणि रोज लक्ष घालण्याची. आज आम्हाला जे म्हणायचं आहे ते थोडक्यात एवढंच. सक्ती ही दुहेरी असते. विद्यार्थ्याला 'हे शिकच' म्हणणाऱ्या संस्थेनं 'हे आम्ही नीट शिकवूच' असं बंधन स्वतःवर घातलं, तर ती सक्ती शिक्षण ठरते. विद्यार्थ्याला बांधलं आणि संस्था मोकळी राहिली, तर ती वसुली ठरते.

आता विरोधकांकडे वळू. त्यांचं म्हणणं त्यांच्या सगळ्यात बळकट रूपात मांडलं पाहिजे, नाहीतर वादात मजा नाही. ते तीन गोष्टी सांगतात.

पहिली : अठरा वर्षांचा माणूस सज्ञान असतो. तो मत देतो, करार करतो. मग काय शिकायचं ते त्याचं त्यानं ठरवावं. दुसरी : वेळ मर्यादित आहे. बाहेरच्या विषयाला दिलेला तास मुख्य विषयातून कापलेला असतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षं एकच विषय शिकून पदवी घेण्याची पद्धत आहे, आणि तिथून उत्तम शास्त्रज्ञ निघाले, हे कुणी नाकारू शकत नाही. तिसरी : सक्तीनं गोडी मरते. शाळेत सक्तीची कविता पाठ करून किती जणांनी कवितेचा कायमचा धसका घेतला, ते आठवा.

यातली दुसरी गोष्ट आम्ही जवळजवळ पूर्ण मान्य करतो. 'विविध विषय शिकल्याशिवाय माणूस आपल्या विषयात मोठा होत नाही' हा दावा खोटा आहे. तो करणं थांबवावं. त्याचप्रमाणे 'तत्त्वज्ञानाचा एक पेपर घेतला की विद्यार्थी चिकित्सक होतो' हाही दावा आम्ही करणार नाही. आमच्याकडे तर्कशास्त्रात पहिल्या वर्गात आलेली मंडळी आज व्हॉट्सॲपवर काय काय पुढे ढकलत असतात ते आम्ही रोज सकाळी पाहतो. बाहेरच्या विषयाची बाजू घ्यायची तर ती अशा औषधी गुणांवर घेता येत नाही.

मग कशावर घ्यायची? इथे पहिल्या आक्षेपाकडे जावं लागेल, निवडीच्या. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात एक जुना पेच आहे. जी गोष्ट तुला मुळीच ठाऊक नाही, ती तू शोधणार कशी? आणि सापडली तरी हीच ती, हे ओळखणार कशावरून? वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो. पण ओपन इलेक्टिव्हचा फॉर्म भरायला बसलेल्या मुलीसमोर नेमका हाच पेच असतो. यादीत 'मानववंशशास्त्र' असं लिहिलेलं आहे. तिनं ते कधी पाहिलेलं नाही, तिच्या शाळेत नव्हतं, घरात त्यातलं कुणी नाही. ती निवडणार कशाच्या आधारावर? ती तेच करते जे आपण सगळे अनोळखी गावातल्या हॉटेलात करतो. शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघून तेच मागवते. म्हणजे मैत्रिणी काय घेतात, मार्क कुठे सुटतात, तास सकाळी आहे की दुपारी, आणि शेवटची एसटी किती वाजता आहे. याला निवड म्हणायला आमची हरकत नाही, पण हे स्वातंत्र्य फार पातळ आहे. ज्याची ओळखच नाही ते नाकारणं ही निवड पूर्ण होत नाही.

सॉक्रेटिस या पेचातून वाट कशी काढतो? तो मेनोच्या एका गुलाम पोराला बोलावतो. पोराला भूमितीचा गंध नाही. सॉक्रेटिस जमिनीवर चौरस काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती हवी? पोरगं बेधडक सांगतं, दुप्पट. मग एकेका प्रश्नानं त्याला दिसतं की बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होतं. तो अडखळतो, आणि शेवटी कर्णाच्या वाटेनं उत्तराला पोचतो. या प्रसंगावर तत्त्वज्ञांनी ढीगभर लिहिलं आहे. पण दोन साध्या गोष्टींकडे लक्ष वेधायचं आहे. एक, त्या पोरानं भूमिती निवडलेली नव्हती, त्याला हाक मारून बोलावलं होतं. दोन, त्याला शिकवायला कुणी बदली मास्तर बसला नव्हता. अथेन्समधला सगळ्यात चिवट शिक्षक त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला होता.

इथे कुणी म्हणेल, ज्यांना जाण असते ते न सांगताच विविध विषय शिकतात, आणि लगेच दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव निघेल. आपल्याकडच्या प्रत्येक उद्बोधन वर्गात ते निघतंच. गणिती माणूस. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. जुन्या आहत नाण्यांची वजनं करून संख्याशास्त्रानं त्यांचा काळ आणि क्रम लावण्याचा प्रयत्न केला, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, १९५६ मध्ये भारतीय इतिहासाचं ते गाजलेलं पुस्तक लिहिलं. हार्वर्डला असताना बर्कहॉफसारखा मोठा गणिती त्यांना गणितावर लक्ष एकवटायला सांगत होता, आणि हे मात्र नाना विषयांचे वर्ग घेत राहिले. उदाहरण भव्य आहे. पण ते कोणत्या बाजूचं आहे? सक्तीच्या बाजूचं नक्कीच नाही, कारण कोसंबी सल्ला मोडून विषयाबाहेर गेले. मग 'मोकळं सोडा, ज्याला हवं तो शिकेल' या बाजूचं? तेही नाही. कारण वडील कोण? धर्मानंद कोसंबी, पालीचे आणि बौद्ध साहित्याचे थोर पंडित, हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनावर काम केलेले. त्या मुलाच्या घरातच चार विद्याशाखा जेवायला बसत होत्या.

म्हणून आम्ही असं म्हणतो की हे उदाहरण घराच्या बाजूचं आहे. ज्यांच्या घरात पुस्तकं, गप्पा, नाटक, वाद, परदेशातून आलेला मामा आहे, त्यांना बाहेरच्या विषयाची सक्ती लागत नाही. त्यांचा ओपन इलेक्टिव्ह रोज रात्रीच्या जेवणाच्या ताटावर होतो. ज्या घरातून पहिलंच माणूस कॉलेजात आलं आहे, त्याच्यासाठी हे काम महाविद्यालयानं केलं नाही तर कुणीच करणार नाही. निवडीचं स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं दिलं, पण निवडण्यासाठी लागणारी ओळख सारखी दिली नाही, तर ते स्वातंत्र्य ज्यांना आधीच मिळालेलं आहे त्यांनाच पुन्हा मिळतं. सक्तीचं खरं समर्थन इथे आहे. ती समतेच्या पोटातून येते.

इथपर्यंत आम्ही सक्तीच्या बाजूनं बोललो. आता अनुभवाकडे वळू, कारण तिथे घोडं पेंड खातं.

बाहेरच्या विषयाच्या सक्तीचा एक मोठा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे, आणि नव्या आराखड्यावर बोलताना त्याची आठवण कुणी काढत नाही. तो म्हणजे पर्यावरणशास्त्र. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबद्दल निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावं लागलं, आणि २००३ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना लागू झाला. ५० तासिका. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचांनी तयार केलं. अभ्यासक्रम वाचला तर आजही चांगला वाटतो. त्याचा शेवटचा घटक प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा होता : आपल्या भागातली नदी, जंगल किंवा टेकडी पाहून नोंद करा, एखादं प्रदूषित ठिकाण पाहा, आसपासची झाडं, कीटक, पक्षी ओळखा. याहून चांगलं काय सुचवणार?

आणि झालं काय? आम्ही ज्या महाविद्यालयात होतो तिथलं सांगतो, नाव घेण्याचं कारण नाही. विषय सगळ्यांना, म्हणून कुणाचाच नाही. वेळापत्रकात ज्याचा कार्यभार कमी भरत होता त्याला तो दिला जाई. त्यात आम्हीही होतो. एका वर्षी तत्त्वज्ञानाच्या माणसानं दोनशे मुलांना एका हॉलमध्ये ओझोनचा थर शिकवला. तो आम्ही आदल्या रात्री वाचलेला होता. प्रकल्पाचं म्हणाल तर गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रती मिळत. नाव आणि रोल नंबर तेवढा आपला घालायचा. एका वर्षी चाळीसएक वह्यांमध्ये एकाच नदीचं एकच वर्णन आलं. ती नदी आमच्या जिल्ह्यातून वाहतच नाही. आम्ही त्या वह्यांवर सह्या केल्या. का केल्या? कारण सही न करता मुलांना अडवलं असतं, तर 'तुम्ही तरी त्यांना नदीवर नेलंत का?' हा प्रश्न आला असता, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या चाळीस मुलांनी आमच्याकडून काय शिकलं असेल? पर्यावरण नक्कीच नाही. ती हे शिकली की आपल्या विषयाबाहेरचं जग ही उरकण्याची गोष्ट आहे. सक्तीचा विषय वाईट शिकवला तर नुसता वेळ वाया जातो असं आपण समजतो. नुकसान त्याहून मोठं आहे. ज्या दारातून विद्यार्थ्यानं आत यावं अशी आपली इच्छा होती, ते दार आपणच त्याच्या तोंडावर कायमचं बंद करतो. विरोधकांचा तिसरा आक्षेप, सक्तीनं गोडी मरते हा, इथे खरा ठरतो. फक्त गोडी मारणारी गोष्ट सक्ती नसते, बेपर्वाई असते.

हे आम्ही ठामपणे म्हणू शकतो, कारण त्याच महाविद्यालयात, त्याच अभ्यासक्रमाखाली, भूगोलाच्या आमच्या एका सहकारी बाईंनी वाणिज्यच्या एका तुकडीला खरोखर नदीवर नेलं. दोन रविवार. मुलांनी काठानं चालत नदीत सांडपाणी सोडणारे नाले मोजले, कुठला नाला कुठून येतो ते कागदावर उतरवलं. परत आल्यावर त्यातल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, ह्या कारखान्याच्या ताळेबंदात नदीचा खर्च कुठल्या बाजूला दाखवतात?" बाईंनी ते आम्हाला शिक्षक खोलीत सांगितलं आणि क्षणभर कुणी काही बोललं नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला बाह्य खर्च म्हणतात, जो करणाऱ्याच्या वहीत न लागता दुसऱ्याच्या माथी पडतो, तो त्या मुलानं स्वतःच्या पायांनी चालून गाठला होता. आणि तो गाठताना त्यानं आपला मुख्य विषय बाहेर ठेवला नव्हता, बरोबर नेला होता. भूगोल शिकताना त्याला त्याच्याच हिशेबशास्त्राचं कुंपण दिसलं.

बाहेरच्या विषयाचं काम नेमकं काय, याचं उत्तर आम्हाला त्या दिवशी मिळालं. दुसऱ्या विषयाची चार माहितीची वाक्यं मिळवणं हे ते काम नाही. आपला विषय कोणते प्रश्न विचारतच नाही, हे कळणं हे ते काम आहे. आणि हे विषयाच्या आत बसून कितीही खोल गेलं तरी दिसत नाही. डॉक्टर, अभियंता, हिशेबनीस, वकील, या सगळ्यांना आपापल्या विषयाचं कुंपण एकदा तरी बाहेरून दिसलं पाहिजे, कारण त्यांचे निर्णय कुंपणाबाहेरच्या माणसांवर पडतात. रसायनशास्त्रातल्या त्या मुलीला उद्या कारखान्याच्या एका कागदावर सही करायची आहे. त्या कागदात रसायनाबरोबर पाणी आहे, पैसा आहे, कायदा आहे आणि खालच्या अंगाचं गाव आहे.

आता ही कसोटी आजच्या आराखड्याला लावू. तो हिशेब आठवतोय ना? ओपन इलेक्टिव्हचे १२ क्रेडिट धरले, तर १२ गुणिले १५ म्हणजे १८० तास. हे थोडेथोडके नाहीत. १८० तासांत परकी भाषा बऱ्यापैकी कानावर बसते, संख्याशास्त्राचा पाया पक्का होतो, एखाद्या कालखंडाचा इतिहास मूळ साधनांसकट वाचून होतो. आराखडा देताना शासनानं कंजुषी केलेली नाही. पण अनेक ठिकाणी या तासांचे दोन-दोन क्रेडिटचे तुकडे पाडले गेले. एक तुकडा ३० तासांचा. त्यातून सुट्ट्या, अंतर्गत परीक्षा, युवक महोत्सव आणि उशिरा लागलेले प्रवेश वजा करा. प्रत्येक सत्रात नवा विषय, नवा शिक्षक, आणि तो शिक्षक बहुतेक वेळा तासिका तत्त्वावर नेमलेला. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्याला ठाऊक नाही. त्यानं विद्यार्थ्याला नदीवर न्यावं ही अपेक्षा तरी कोणत्या तोंडानं करायची? जेवायला बोलावून सहा ताटांत एकेक घास वाढावा आणि मग म्हणावं, बघा, किती वैविध्य, तशातली ही गोष्ट आहे.

हे असं का होतं? त्यामागे कुणाचा दुष्ट हेतू नसतो, कार्यभार असतो. विभागाचे तास भरले तर पद टिकतं, तास कमी झाले तर पद जातं. म्हणून ओपन इलेक्टिव्हच्या टोपलीत काय ठेवायचं हे ठरवताना विद्यार्थ्याच्या गरजेच्या आधी विभागांची वाटणी होते. आम्ही अशा बैठकांना बसलो आहोत आणि आमच्या विभागासाठी भांडलोही आहोत. सुरुवातीला ज्या स्वार्थाची कबुली दिली, तो हाच. आमची पदं वाचवण्याचा भार आम्ही विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावर टाकला. पदं वाचली पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण ते भांडण शासनाशी करायचं होतं, ते आम्ही मुलांच्या खर्चानं केलं.

आणि हे सगळं चालू असताना दुसरीकडे काय घडतंय? काही खासगी विद्यापीठं, लाखांच्या घरात फी घेणारी, नेमकी हीच गोष्ट, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचं शिक्षण, आपलं वैशिष्ट्य म्हणून मांडतात. तिथे पाया म्हणून सक्तीचे विषय असतात. छोटे वर्ग, पूर्णवेळ शिक्षक, वाचन, लेखन, चर्चा. ते चांगलंच आहे. पण मग चित्र असं होतं की ज्यांच्या घरात आधीच चार विद्याशाखा जेवायला बसतात, त्यांना कॉलेजातही भरलेलं ताट मिळतं. आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला त्याच नावाखाली ३० तासांचा घास. नाव एकच, 'बहुविद्याशाखीय शिक्षण'. समतेसाठी म्हणून आणलेली सक्ती अशी विषमतेच्या कामी येते. बाणभट्टाच्या गोष्टीतही विद्यामंदिर राजपुत्रासाठीच होतं, हे विसरून कसं चालेल? आपण ती यादी लोकशाहीत आणली, हे धाडस मोठं आहे. पण यादीबरोबर आचार्य आणायला हवे होते.

तर मग करायचं काय? आमच्या मते बाहेरचा विषय सक्तीचा करण्याआधी प्रत्येक महाविद्यालयानं स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हा विषय आमचा सर्वांत चांगला पूर्णवेळ शिक्षक शिकवणार आहे का? त्याला निदान एक सलग वर्ष मिळणार आहे का, म्हणजे तुकडे जोडून दोन किंवा तीनच विषय, पण ओळख होईल इतके? विद्यार्थी आपला मुख्य विषय वर्गात बरोबर आणू शकेल असं निदान एक काम, एक प्रकल्प, एक निबंध त्यात आहे का? आणि परीक्षा अशी आहे का, की झेरॉक्सच्या दुकानात तिचं उत्तर मिळणार नाही? चारांपैकी पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल, तर बाकीचे तीन विचारण्याची गरज नाही. त्या महाविद्यालयानं तो विषय सक्तीचा करू नये. रिकामा तास द्यावा, ग्रंथालय उघडं ठेवावं. त्यात निदान खोटेपणा नाही.

यावर प्राचार्य मंडळी म्हणतील, माणसंच नाहीत, जागा भरल्या जात नाहीत, आम्ही काय करणार? त्यांचं म्हणणं खरं आहे. पण मग तेच उघडपणे म्हणा. शासनाला लिहून कळवा की तुम्ही सांगितलेली सक्ती पाळण्याची ऐपत आम्हाला दिलेली नाही. आज होतं असं की शासन विद्यापीठावर सक्ती करतं, विद्यापीठ महाविद्यालयावर करतं, महाविद्यालय तासिकेवरच्या शिक्षकावर, आणि तो विद्यार्थ्यावर. खाली जाताना सक्ती पूर्ण पोचते आणि पैसा मध्येच आटतो.

शेवटी त्या मुलीच्या फोनकडे येऊ. तिला आम्ही काय सांगितलं? सांगितलं की, बाई गं, तुझा राग अर्धा बरोबर आहे. तुला विषयाबाहेर नेण्याचा महाविद्यालयाला अधिकार आहे, कारण तिथे काय आहे हे तुला अजून माहीत नाही, आणि तो दोष तुझा नाही. पण हा अधिकार उधारीचा आहे. तुझा वेळ ते विश्वासावर मागून घेतायत, आणि घेतलेलं फेडण्याची जबाबदारी त्यांची आहे. तेव्हा 'हे का शिकायचं' असं विचारू नकोस. वर्गात जा, दोन आठवडे बस, आणि मग उभी राहून विचार : "सर, हे तुम्ही आम्हाला नीट शिकवणार आहात ना?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "असं विचारलेलं चालतं का?"

चाललं पाहिजे. ज्या दिवशी आपल्या वर्गांमध्ये हा प्रश्न विचारता येईल आणि शिक्षकाला त्याचा राग येणार नाही, त्या दिवशी सक्तीचं कोडं बरंचसं सुटलेलं असेल. आम्हाला आमच्या नोकरीत तो कुणी विचारला नाही. विचारला असता, तर त्या चाळीस वह्यांवर सह्या करताना आमचा हात निदान थरथरला असता.